करवंदाचं देवक

वाघदऱ्याच्या डोंगरावर सव्वा लाख शालन होत्या आणि गावात एक. गावातली तेवढी एकच भारी पडते, असं तिची मैत्रीण वैजयंता म्हणायची; पण ती ते शालनआक्काच्या तोंडावर म्हणायची, म्हणून आक्का ते चहाडीत धरत नसे.

डोंगरावरच्या शालन म्हणजे करवंदाच्या जाळ्या. बारा वर्षांपूर्वी, दोन हजार तीस साली, सरकारनं तो उघडा डोंगर गावच्या महिला गटाकडे सोपवला, तेव्हा एका प्रयोगशाळेची माणसं गावात आली. म्हणाली, तुमच्या रानातली सगळ्यात चांगली करवंदाची जाळी दाखवा. तिच्या कोवळ्या शेंड्याचा मोहरीएवढा तुकडा आम्ही काचेच्या बाटलीत वाढवू आणि हव्या तेवढ्या जुळ्या बहिणी करून देऊ. पानाला पान, काट्याला काटा, हुबेहूब.

चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे ठरवायचं खातं गावात शालनआक्काकडे होतं. तिनं आजवर तीनशे बारा लग्नं जमवली होती. तिच्याकडे पाच वह्या होत्या आणि त्यांत आसपासच्या चाळीस गावांतली घरं मांडलेली होती: कूळ, मामकूळ, देवक, मुलाची उंची, मुलीचं शिक्षण आणि सासूचा स्वभाव. सासूच्या स्वभावासाठी तिच्या खुणा ठरलेल्या. एक टिंब म्हणजे चालेल. दोन टिंबं म्हणजे मुलगी दणकट पाहिजे. तीन टिंबं म्हणजे ते स्थळ कुणाला दाखवायचंच नाही.

प्रयोगशाळेच्या माणसांना तिनं क्षणभरही विचार न करता झऱ्याच्या वरची जाळी दाखवली. चीक कमी, फळ टपोरं, गोडीला एक नंबर. तिला एवढी खात्री कशी, हे कुणी विचारलं नाही आणि न विचारलेलं सांगायची आक्काला सवय नव्हती. जातीला नाव काय द्यायचं असा प्रश्न निघाला तेव्हा वैजयंतानं ठोकून दिलं, "शालन." आक्कानं तोंड वाकडं केलं आणि संध्याकाळी पुण्याच्या मुलाला फोन करून तेच तीनदा सांगितलं.

घाटमाथ्यावर करवंद खायची एक रीत आहे. एकानं फळ मुठीत धरायचं आणि दुसऱ्याला विचारायचं, "कोंबडा का कोंबडी?" मग चावून बघायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं पांढुरकं निघालं तर कोंबडी. शालन जात सगळीच्या सगळी कोंबडा होती. करवंदापासून मिठाईचा लाल रंग काढणाऱ्यांना तेच हवं होतं. टोपलीत पाच-सहा कोंबड्या सापडल्या तरी टोपली परत यायची. शेवटी तीन वर्षांपूर्वी गटानं ठराव केला, डोंगर एकरंगी करायचा. ओढ्याकाठच्या, कड्याखालच्या जेवढ्या म्हणून जुन्या रानजाळ्या होत्या तेवढ्या उपटायच्या आणि तिथंही शालन लावायची. कुदळ घेऊन आक्का सगळ्यांच्या पुढं. चव्वेचाळीस दिवस बायका रानजाळ्या काढत होत्या. कोंबडी दिसली की मान मुरगळा, हा विनोद रोज व्हायचा आणि रोज हसू यायचं.

पुढच्या फेब्रुवारीत डोंगर असा फुलला की खालच्या रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून वास घ्यायची. पांढऱ्या चांदण्यांनी जाळ्या झाकून गेल्या. एकेक फूल तीन दिवस टिकायचं, मग पिवळं पडून गळायचं, आणि मागं काहीच राहिलं नाही. हिरवा मणीसुद्धा नाही.

त्या वर्षी दोष उन्हाला दिला. दुसऱ्या वर्षी पतंगांना दिला. करवंदाचं फूल संध्याकाळी वास सोडतं, त्याच्या वासावर येणारे रानपतंग नव्या रस्त्याच्या दिव्यांकडं वळले, असं निदान झालं. म्हणून तिसऱ्या वर्षी गटानं यांत्रिक पतंग आणले. अंगठ्याएवढे, लांब सोंडेचे, सोंडेच्या टोकाला केसांचा कुंचला. सूर्य कलला की चार हजार पतंग पेटीतून सुटायचे आणि एका जाळीचा पराग दुसरीला, दुसरीचा तिसरीला पोचवायचे. बायका त्यांना गांधीलमाश्या म्हणायच्या. एकही फूल त्यांनी सोडलं नाही, आणि एकाही फुलाला फळ धरलं नाही.

करारात कलम असं होतं की सलग तीन वर्षं डोंगर फळला नाही तर तो सरकारकडं परत जाईल. तिथं सौरपट्ट्या बसणार होत्या. मोजणीच्या खुंट्या ठोकूनही झाल्या होत्या. हे तिसरं वर्ष. बहराचे जेमतेम पंचवीस दिवस उरले होते.

तशात शेतीची औषधं करणाऱ्या एका कंपनीची मुलगी आली. पंचविशीची, पायात चिखलाचे बूट, केस पेन्सिलीनं वर बांधलेले. आल्या आल्या तिनं वीस जाळ्या मागून घेतल्या, त्यांवर काहीतरी शिंपडलं आणि निघून गेली. दहा दिवसांनी परत आली तेव्हा आक्काला आणि वैजयंताला घेऊन त्या जाळ्यांपाशी गेली.

"आक्का, हे बघा."

देठांवर मोहरीएवढे हिरवे मणी होते. दोन-चार नाही, भरगच्च. वैजयंतानं हात जोडले, मग कुणाला जोडले ते न कळून सोडले.

"काय शिंपडलंस गं?" आक्कानं विचारलं.

"विसर."

"नाव का काम?"

"दोन्ही," मुलगी हसली. "तुमच्या फुलांना मी दोन दिवस एक गोष्ट विसरायला लावली."

मग तिनं एक फूल तोडून नखानं उभं चिरलं. "यात नर आणि मादी दोन्ही आहेत. ही मधली बारीक दांडी दिसते ना, तिच्या टोकावर पराग पडतो. पडला की त्याला केसापेक्षा बारीक नळी फुटते आणि ती दांडीतून खाली बीजापर्यंत उतरते. तिथं पोचली तर फळ. पण ही दांडी म्हणजे दारावर बसलेली म्हातारी आहे. आलेल्या प्रत्येक परागाला ती विचारते, कोण तू? परागाच्या अंगावर एक खूण असते आणि तिच्याकडंही तिच्या घराची खूण असते. दोन्ही सारख्या निघाल्या, म्हणजे पराग आपल्याच घरातला निघाला, की ती नळी मधेच कोमेजून टाकते. जवळच्या नात्यात बी धरू नये म्हणून करवंदानं स्वतःच केलेला बंदोबस्त आहे हा."

"पण गांधीलमाश्या तर लांबलांबचा पराग आणतात," वैजयंता म्हणाली. "पार त्या टोकाचा."

"त्या टोकाला कोण आहे?"

"शालन."

"आणि या टोकाला?"

वैजयंतानं या टोकाकडून त्या टोकाकडं बघितलं.

"सव्वा लाख जाळ्या, पण झाड एकच आहे हे," मुलगी म्हणाली. "सगळ्यांची खूण एक. दारात कुणीही आलं तरी घरचाच माणूस. माझं औषध ती खूण तयार करण्याचा निरोप दांडीपर्यंत पोचूच देत नाही. दोन दिवस म्हातारी माणसं ओळखत नाही. तेवढ्यात नळी खाली उतरते."

आक्का एवढा वेळ फुलाकडे बघत होती. ती म्हणाली, "देवक म्हण की सरळ."

"काय?"

"एका देवकाचे दोघं. लगीन होत न्हाई." तिनं डोंगरावरून हात फिरवला. "मांडव घातलाय, वऱ्हाड आलंय, माश्या कुंचले घेऊन नाचत्यात. पण पोरगं आणि पोरगी एका देवकाची. मग कसलं फळ?"

मुलीनं पेन्सिल केसांतून काढली आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. "चार वर्षं मी लोकांना हे चित्रं काढून समजावतेय," ती म्हणाली. "हे एका शब्दाचं काम होतं."

"आम्हाला वाटलं, नुसते कोंबडेच ठेवले म्हणून अंडी बंद झाली," वैजयंता म्हणाली.

"तो नुसता आतल्या गराचा रंग आहे, काकू. त्याचा नर-मादीशी संबंध नाही. पण तुम्ही कोंबड्या उपटल्यात ना, त्या बियांपासून उगवलेल्या रानजाळ्या होत्या. प्रत्येकीची खूण वेगळी. आधीची पाच वर्षं तुमच्या डोंगराला त्यांचाच पराग मिळत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच."

आक्काला ती कुदळ आठवली. तिचा दांडा नवा करून घेतला होता तिनं, खास त्या कामासाठी. ती वैजयंताच्या टोमण्याची वाट बघत राहिली. वैजयंतानं टोमणा मारला नाही, आणि ते आक्काला जास्त लागलं.

कंपनीचा कागद साधा होता. औषध दर बहराला कंपनी देईल. बी पोचट येईल, पण रंग काढणाऱ्याला बी नकोच असतं. अट एकच: दहा वर्षं डोंगरावर दुसरं कुठलंही करवंद लावायचं नाही. वेगळ्या खुणेचं झाड घुसलं की औषधाचं प्रमाण चुकतं. गटाची अध्यक्ष म्हणून सही आक्काची.

"सोमवारी सांगते," आक्का म्हणाली. "आता चहाला चल. नाव काय म्हणालीस?"

"मृण्मयी पार्टे."

आक्का दोन पावलं चालली. "पार्टे कुठले?"

"घाटाखालचे. बोरखोल."

नाकावरून खरं तर आधीच कळायला हवं होतं, असं आक्काच्या मनात आलं. म्हातारपणाची ही पहिली खूण. "सर्जेराव पार्ट्यांची कोण तू?"

"नात. तुम्ही आबांना ओळखता?"

"नावानं," आक्का म्हणाली.

चहा होईपर्यंत तिनं इकडचं तिकडचं बरंच काढून घेतलं. सर्जेराव एसटीच्या डेपोत कामाला होता, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. बायको जाऊन सहा वर्षं. गुडघे दुखतात, औषध घेत नाही. घराला करवंदाचं कुंपण आहे, गुरं आत येऊ नयेत म्हणून त्यानंच केलेलं. तोडू देत नाही कुणाला. मृण्मयीला मात्र तो 'देवक' शब्द सुटत नव्हता.

"पण आक्का, माणसांत कसं ओळखायचं? खूण कुठं असते?"

"लग्नात देवक बसवतात की. ज्याचं जे असेल त्या झाडाची फांदी आणायची. आमचं शेलारांचं कळंब. रांजण्यांचं, म्हणजे सासरचं, मर्यादवेल."

"हां, ती फांदी. आमचं उंबर. दादाच्या लग्नात मीच गेले होते आणायला, मुंग्या चावल्या सगळीकडे."

आक्का साखरेचा डबा बंद करत होती. तिनं तो उघडला आणि चहात पुन्हा साखर घातली. "पार्ट्यांचं उंबर?"

"पहिल्यापासून. का?"

"काही न्हाई. माझ्या वहीत चुकीचं लिहिलंय."

मृण्मयीनं तो चहा कसाबसा संपवला आणि गोड आहे असं काही म्हणाली नाही. हे आक्कानं तिच्या खात्यात चांगल्या बाजूला मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं पहिली वही काढली. पहिल्या पानावर अठरा वर्षांच्या मुलीचं टपोरं अक्षर होतं. सर्जेराव पार्टे, बोरखोल, देवक कळंब. शालन शेलार, वाघदरा, देवक कळंब. जमत नाही. खाली रेघ.

तिचा सगळा धंदा या पानापासून सुरू झाला होता. सर्जेराव उन्हाळ्यात मामाकडे यायचा. झऱ्याच्या वर एक जाळी होती, तिची फळं तो ओंजळीनं आणायचा, मूठ पुढं करायचा आणि विचारायचा, "कोंबडा का कोंबडी?" त्या जाळीत कोंबडीच नसते हे तिला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तरी ती रोज "कोंबडी" म्हणायची. हरल्यावर एक करवंद त्याला भरवावं लागायचं, असा नियम होता. नियम कुणी केला ते आता आठवत नव्हतं. बहुतेक तिनंच.

मग त्याच्या मामानं विषय काढला, आणि चार दिवसांनी तिच्या वडलांनी जेवताना सांगितलं, देवक एक निघालं. ती रडली नाही. इतकी चांगली गोष्ट एवढ्याशा फांदीनं मोडत असेल तर ती फांदी आधी बघायला हवी, असा तिनं धडा घेतला आणि दुकानातून वही आणली. पुढं तीनशे बारा जमवली, आणि सत्तेचाळीस जोड्या देवकावरून परत पाठवल्या. पोरंपोरी पाया पडली तरी ऐकलं नाही. बोरखोलच्या पार्ट्यांचं स्थळ मात्र तिनं उभ्या जन्मात घेतलं नाही. त्यामुळं चाळीस गावांची देवकं तोंडपाठ असलेल्या बाईला या एका घराचं देवक माहीत नव्हतं.

रांजणे चांगला माणूस होता. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन, आणि आजही आक्का त्याच्या नावापुढं एक टिंबसुद्धा घालणार नाही. प्रश्न तो नव्हता. पन्नास वर्षं तिनं ज्याच्याशी भांडण केलं नाही ते देवक खोटं होतं, हा प्रश्न होता.

तिनं मृण्मयीला फोन लावला. "तुझ्या आबांच्या कुंपणाला फुलं आलीत?"

"असतील की. का?" मग तिचा आवाज बदलला. "आक्का, ते रानकरवंद आहे. बियांपासूनचं."

"तेच म्हणतीय मी."

"तुम्ही सही करणार नाही का मग?"

"सोमवार अजून लांब हाय. तुझी नोकरी जाईल का यात?"

"मी अहवालात खरं तेच लिहीन. पर्यायी पराग उपलब्ध. औषधाची गरज नाही." ती हसली. "आवडणार नाही त्यांना. बघू."

निघताना वैजयंता दारात उभी होती. "पराग आणायला जाताना इरकल कशाला?"

"पराग परक्याचा हाय," आक्का म्हणाली आणि मृण्मयीच्या गाडीत बसली.

तू म्हणावं की तुम्ही म्हणावं, हे घाट उतरेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं. तू म्हणजे फार झालं. तुम्ही म्हणजे नवऱ्याला म्हटल्यासारखं. दोन्ही टाळून बोलायचं तिनं ठरवलं. मराठीत ते जमतं, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

सर्जेराव ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. केस गेलेले, नाक तिथंच. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग नातीकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

"बसा," तो म्हणाला. म्हणजे त्यानं ठरवलं होतं.

"बसते. गुडघ्यांना औषध घ्यावं माणसानं."

"हिनं सांगितलं वाटतं."

"मी काढून घेतलं." आक्कानं पदर सावरला. मृण्मयी फुलं बघायला कुंपणाकडं गेली, जरा जास्तच लांब गेली. "पार्ट्यांचं देवक कुठलं?"

"उंबर. का, कुणाचं जमवताय?"

"एक मोडलेलं तपासतीय. पन्नास वर्षांपूर्वीचं. आम्हाला कळंब म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"दादांनी. माझ्या वडलांनी."

सर्जेराव खुर्चीत जरासा पुढं झाला. "मला सांगितलं, मुलीलाच पसंत नाही. पार्ट्यांचं नाक तिला मोठं वाटतं."

आक्कानं नाकाकडं नीट बघितलं. "मोठं हाय. पण मी ते कधी बोलले न्हवते."

दोघंही हसले.

"मग खरं काय होतं?" त्यानं विचारलं.

"साटंलोटं. रांजण्यांची मुलगी माझ्या भावाला पाहिजे होती. मी तिकडं गेले तर ती इकडं येणार. दादांनी शब्द देऊन टाकला असणार आधीच."

"मग तसं सांगायचं."

"तसं सांगितलं असतं तर मी भांडले असते. देवकाशी भांडता येत न्हाई." आक्का कुंपणाकडं बघत होती. अख्खं कुंपण पांढरं झालं होतं. "झाड बरं. झाड नाही म्हणतं तेव्हा खरंच नाही असतं. ते खोटं देवक सांगत न्हाई." मग ती म्हणाली, "तुझी नात दोन दिवस विसरायचं औषध करते. तेव्हा असतं तर आमच्या दादांवर शिंपडलं असतं मी बादलीभर."

तू म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सर्जेरावानं ऐकलं होतं, पण दाखवलं नाही.

"हे कुंपण कधीचं?" तिनं विचारलं.

"त्याच मे महिन्यातलं. मामानं वाटेत खायला टोपली दिली होती. घाट उतरताना एकेक खात होतो आणि बी रुमालात ठेवत होतो. का ठेवतोय हे तेव्हा काही कळत नव्हतं. घरी आल्यावर पेरलं."

"कोंबडा निवडून?"

"निवडायला विचारणारं कोण होतं सोबत? हाताला लागेल ते."

मृण्मयी तेवढ्यात धावत आली. तिच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र होतं. फुलाची दांडी त्यात घातली की तिची खूण वाचता यायची. "आबा, शालनची खूण म्हणजे खरं तर जोडी आहे, एक आईकडची, एक बापाकडची. या कुंपणात मी तीस जाळ्या तपासल्या. त्या दोन सोडून वेगळ्या अकरा सापडल्या." तिनं आक्काकडं बघितलं. "अकरा देवकं, आक्का."

"हा डोंगरच उचलून आणलाय यानं," आक्का म्हणाली. "आम्ही उपटला तो."

सर्जेरावानं कात्री मागितली. कुंपणाला हात लावणाऱ्या गुरांना आणि माणसांना त्यानं पन्नास वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता तो स्वतः फांद्या कापायला बसला, एकेका जाळीच्या दोन-दोन, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मृण्मयीच्या हातात देत राहिला. शेवटची जुडी मात्र त्यानं कुणाला दिली नाही. मांडीवर घेऊन गाडीत बसला.

"गुडघे?" आक्कानं विचारलं.

"घाट गाडी चढणार आहे. मी नाही."

वाघदऱ्याच्या वेशीवर पन्नासएक बायका उभ्या होत्या. वैजयंतानं कुणाला काय सांगितलं होतं देव जाणे. एकीच्या फोनवर सनई लागली होती, दुसरीच्या हातात हळदकुंकवाचं ताट. गाडीतून फांद्यांची जुडी घेऊन म्हातारा उतरला तशी वैजयंता म्हणाली, "देवक आलं गं," आणि बायकांनी हसत हसत त्याच्या पायावर पाणी घातलं. सर्जेराव बावरला. पन्नास वर्षं उशिरा का होईना, पार्ट्यांचं वाघदऱ्यात स्वागत झालं.

फांद्या तांब्याच्या हंड्यांत उभ्या केल्या. मृण्मयीनं गांधीलमाश्यांना नवा रस्ता शिकवला: आधी हंड्यावर, मग डोंगरावर. ऊन उतरलं तसा वास सुटला आणि चार हजार कुंचले फुलांवरून उठून जाळ्यांकडं गेले. पुढचे नऊ दिवस बोरखोलाहून रोज सकाळी फांद्या येत राहिल्या. सोमवारी आक्कानं कंपनीचा कागद सही न करता परत केला. त्याच संध्याकाळी तिनं पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं आणि 'जमत नाही'च्या खाली लिहिलं: चौकशी केली नव्हती. मग सत्तेचाळीस जोड्यांची पानं एकेक करून चाळली आणि प्रत्येकीपुढं प्रश्नचिन्ह घातलं. त्यातले अर्ध्याहून जास्त आता कुठं कुठं आजीआजोबा झाले होते. प्रश्न विचारायला तरी काय हरकत आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बाराव्या दिवशी झऱ्याच्या वरच्या जाळीवर पहिले मणी दिसले. पंधराव्या दिवशी मोजायचं सोडून दिलं.

मे महिन्यात डोंगर काळा झाला. सरकारचा माणूस येऊन बघून गेला, जाताना दोन द्रोण खाऊन आणि एक बांधून घेऊन. मोजणीच्या खुंट्या बायकांनी काढल्या आणि त्यांवर काकड्यांचे वेल चढवले. मृण्मयीची कंपनीतली नोकरी गेली नाही, पण तिला दूरच्या एका द्राक्षाच्या गावात पाठवलं. तिथून ती आठवड्याला फोन करायची आणि फोनवर आधी आक्काची चौकशी करून मग आबांची करायची, म्हणून सर्जेराव रुसायचा.

मेअखेरीस एके दिवशी तो वर आला. दोघं झऱ्याशी बसले. पायऱ्या होत्या म्हणून बरं झालं, नाहीतर दोघांनाही उठता आलं नसतं. त्यानं जाळीत हात घातला, काहीतरी तोडलं आणि मूठ पुढं केली.

"कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडी," आक्का म्हणाली.

तिनं चावलं. लालभडक.

"हरलीस."

"हरणारच होते. तुझ्या नातीनं सांगितलंय. गर आईचा असतो, तो लालच निघणार. बापाचं जे काय येतं ते बियांत येतं." तिनं ओठांतून बिया काढून तळहातावर घेतल्या. चार होत्या, टणक, भरीव. पोचट एकही नाही. "या कोंबडा का कोंबडी ते आत्ता नाही कळायचं. पेरायचं, जाळी होऊ द्यायची, फळ आलं की चावून बघायचं."

"किती वर्षं?"

"तीन. चार धर."

सर्जेरावानं आपली एकाहत्तर आणि तिची अडुसष्ट अशी मनात मांडून बघितली असावी. त्याचं तोंड तसं झालं. झऱ्यालगतच्या ओढ्याकाठी, जिथं तिनं कुदळीनं रानजाळ्या काढल्या होत्या, तिथं माती अजून भुसभुशीत होती. आक्कानं बोटानं चार खळगे केले, एकेक बी टाकलं आणि वर माती लोटली.

"मग मी काय म्हणू?" त्यानं विचारलं. "कोंबडा का कोंबडी?"

"आत्ता कशाला म्हणतोस," आक्का हात झटकत म्हणाली. "चार वर्षांनी ये. आणि गुडघ्यांना औषध घे तोवर."